विषाणूचं टरफल, जनुकांचं ओझं

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, आपटाळ्याच्या पुढं, डिंभ्याच्या पाण्याच्या कडेनं आहुप्यापर्यंत, बऱ्याच घरांच्या दारात चार-सहा गावरान कोंबड्या फिरताना दिसतात. त्यांना दाणापाण्याचा खर्च फारसा नाही, आणि अडीनडीला विकून हातात रोख पैसा येतो. या कोंबड्या पाळणाऱ्याला बिबट्या आणि मुंगसापेक्षाही जास्त धास्ती असते ती मानमोडीची. कोंबडी आधी मलूल होते, हिरवट पातळ हगते, चोच उघडी टाकून धापा टाकते. मग पाय लुळे पडतात आणि मान पिळवटून पाठीकडं वळते. लस न दिलेल्या कळपात एकदा मर सुरू झाली की आठवड्याच्या आत खुराडं रिकामं होऊ शकतं.

पशुवैद्यक या रोगाला राणीखेत म्हणतात. 1926 च्या सुमारास तो इंडोनेशियातल्या जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात ओळखला गेला. त्यानंतर थोड्याच काळात तो कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत इथं सापडला. म्हणून जगात त्याचं नाव न्यूकॅसल रोग, आपल्या सरकारी दप्तरात राणीखेत आणि गावात मानमोडी.

या मानमोडीच्या विषाणूचं कूळ मोठं आणि बदनाम आहे. ‘पॅरामिक्सोव्हायरस’ हे त्या कुळाचं नाव. माणसांतला गोवर आणि गालगुंड, गुरांतली आता जगातून नष्ट झालेली बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांतला पीपीआर आणि कुत्र्यांतला डिस्टेंपर हे सगळे याच कुळातले. याच कुळातला उंदरांचा एक विषाणू मात्र वेगळ्याच कारणानं प्रसिद्ध झाला. त्याचं नाव सेंदाई. गेली चाळीसेक वर्षं शास्त्रज्ञ या विषाणूच्या पोटातला ऐवज निकामी करतात किंवा काढून टाकतात, त्याच्या आवरणात आपल्याला हवं ते जनुक भरतात आणि ते जिवंत प्राण्याच्या यकृतात, स्नायूत, रक्तवाहिनीत पोचवतात. विषाणूच्या आवरणापासून बनवलेल्या अशा पिशवीला व्हायरोसोम म्हणतात, म्हणजे विषाणूचा अंश असलेला लायपोसोम, अर्थात मेदाची पिशवी. रोग पसरवणाऱ्या गोष्टीचा औषधासाठी असा उपयोग होतो तरी कसा, आणि तो कुठवर पोचला आहे, हे पाहण्यासारखं आहे.

विषाणू आत शिरतो कसा

सुरुवात विषाणूच्या रचनेपासून करू. मानमोडीचा विषाणू आणि सेंदाई विषाणू या दोघांची घडण जवळजवळ सारखी. आत सुमारे पंधरा हजार अक्षरांची आरएनएची एकच साखळी आणि तिच्यावर सहा जनुकं. बाहेरून मेदाचं, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचं आवरण. हे आवरण विषाणूचं स्वतःचं नसतं. ज्या पेशीत तो वाढला, तिच्यातून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा तो अंगावर ओढून घेतो. या आवरणावर दोन प्रकारची प्रथिनं खिळ्यांसारखी रोवलेली असतात. एकाचं नाव एचएन, दुसऱ्याचं एफ.

एचएनचं काम पकडण्याचं. आपल्या पेशींवर साखरेच्या लहान लहान साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल असतं. एचएन ते घट्ट धरतं. त्यानंतर पाळी येते एफची. पेशीचं पटलही मेदाचं आणि विषाणूचं आवरणही मेदाचं, तरी दोन्ही शेजारी आले म्हणून आपोआप एक होत नाहीत. कोंबडीच्या रश्श्यावर तर्रीचे दोन थेंब एकमेकांना टेकून तरंगत राहतात, मधला पाण्याचा बारीकसा पडदा फाटला की मात्र एका क्षणात त्यांचा एकच थेंब होतो, तसाच हा प्रकार. पेशी आणि विषाणू यांच्या मधलं पाणी हटवणं हेच एफ प्रथिनाचं काम. ते ताणलेल्या स्प्रिंगसारखं आवरणावर उभं असतं. वेळ आली की उलगडतं, आपलं टोक पेशीच्या पटलात रुतवतं आणि मग स्वतःवर दुमडून दोन्ही पटलं एकमेकांकडं ओढतं. दोन मेदथर मिसळतात, मधे भोक पडतं आणि विषाणूच्या पोटातला ऐवज थेट पेशीच्या आत ओतला जातो.

यातला ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इन्फ्लुएन्झासारखे अनेक विषाणू आधी पेशीला स्वतःला गिळू देतात आणि पेशीच्या आतल्या आंबट पिशवीतून निसटतात. सेंदाई तसं करत नाही. तो पेशीच्या बाहेरच्याच भिंतीला मिसळतो, त्यामुळं पेशीच्या पचनाच्या यंत्रणेशी त्याची गाठच पडत नाही.

मानमोडी इतकी घातक का, याचंही उत्तर एफ प्रथिनातच आहे. हे प्रथिन तयार होतं तेव्हा निष्क्रिय असतं. कोंबडीच्या शरीरातल्या एखाद्या विकरानं त्याचे दोन तुकडे केल्यावरच ते काम करू लागतं. सौम्य जातींच्या विषाणूत हा कापायचा सांधा असा असतो की श्वासमार्गात आणि आतड्यात मिळणारी मोजकीच विकरं तो कापू शकतात, म्हणून संसर्ग तिथंच अडकतो. घातक जातींत त्याच सांध्यावर काही अमिनो आम्लं बदललेली असतात आणि जवळजवळ प्रत्येक अवयवातलं विकर तो कापू शकतं. मग विषाणू मेंदूपर्यंत जातो आणि कोंबडीची मान वळते. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात जो लासोटा लशीचा थेंब टाकतात, त्यात सौम्य सांध्याचाच जिवंत विषाणू असतो. पुण्याला औंधमध्ये पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे. राणीखेतच्या लशी तिथंही तयार होतात.

थोडक्यात, रोग होणं आणि पेशीत शिरणं या विषाणूच्या दोन वेगवेगळ्या करामती आहेत. लस बनवणाऱ्यांनी पहिली करामत मवाळ केली. जनुकं पोचवायला निघालेल्यांनी पहिली पूर्ण टाकून देऊन फक्त दुसरी ठेवली.

जनुकाला वाहन कशाला लागतं

एखाद्या रुग्णाच्या यकृतात एक जनुक बिघडलेलं असेल, तर चांगलं जनुक प्रयोगशाळेत बनवणं आता अवघड राहिलेलं नाही. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या गोल कडीत ते बसवायचं आणि जिवाणूंच्या मदतीनं हव्या तितक्या प्रती काढायच्या. अडचण सुरू होते ती त्यानंतर. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो आणि पेशीच्या पृष्ठभागावरही. त्यामुळं दोघं एकमेकांना दूर लोटतात. रक्तात डीएनए तोडणारी विकरं आहेत. उघडा डीएनए शिरेतून सोडला तर त्यांच्या तावडीतून फारसा वाचत नाही. उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला तरी थोड्या पेशी तो उचलतात, हे 1990 मध्ये दिसलं. पण ‘थोड्या’ पेशींनी फारसं काही साधत नाही.

मग त्याला झाकायचं कशात? इथं लायपोसोम कामाला येतो. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथं काम करणाऱ्या ॲलेक बँगहॅम यांनी 1960 च्या दशकात दाखवलं की अंड्याच्या बलकात असतं तसलं लेसिथिन पाण्यात घातलं की ते आपसूक बंद पिशव्या बनवतं. या पिशव्यांची भिंत पेशीच्या पटलासारखीच दुहेरी मेदाची. पिशवी बनताना आजूबाजूच्या पाण्यात जे असेल ते आत अडकतं. मग औषध आत अडकवा, जनुकं अडकवा.

औषधांच्या बाबतीत ही युक्ती महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं जुनं, जालीम औषध, पण ते मूत्रपिंडाला इजा करतं. ते लायपोसोममध्ये भरलं की ही इजा बरीच कमी होते. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात बिमल कुमार बच्छावत यांच्या गटानं असं देशी लायपोसोमी ॲम्फोटेरिसिन तयार केलं, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रुग्णांवर तपासून पाहिलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या उन्हाळ्यात, काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांत ज्या इंजेक्शनच्या शोधात धावत होते, ते हेच लायपोसोमी ॲम्फोटेरिसिन.

जनुकांना मात्र साधा लायपोसोम पुरत नाही. पेशी ही पिशवी गिळते खरी, पण गिळलेला घास पचनाच्या पिशवीत जातो आणि तिथं डीएनएचे तुकडे होतात. औषधाचा रेणू लहान आणि चिवट असतो, तो पाझरून बाहेर येऊ शकतो. हजारो अक्षरांची डीएनएची कडी तशी निसटू शकत नाही. लायपोसोमला आत नेता येतं, पण सुखरूप उतरवता येत नाही. आणि नेमकी तीच कला सेंदाई विषाणूच्या एफ प्रथिनाकडं आहे.

ओसाकातली सोयरीक

सेंदाई हे उत्तर जपानमधलं शहर. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं तान्ह्या मुलांत न्यूमोनियाची साथ आली, तिचा शोध घेताना हा विषाणू हाती लागला. पुढं कळलं की त्याचं खरं घर उंदरांत आहे, माणसाला तो रोग देतो असं दिसलेलं नाही. तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करण्याच्या त्याच्या गुणावरून जपानी शास्त्रज्ञांनी त्याला ‘एचव्हीजे’ असंही नाव दिलं.

1957 मध्ये ओसाका विद्यापीठाच्या योशिओ ओकादा यांना दिसलं की हा विषाणू पेशींना एकमेकींत मिसळून टाकतो. दोन पेशींच्या मधे विषाणू आला की तिन्ही मेदथर एक होतात आणि अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी तयार होते. जीवशास्त्राला हे मोठंच साधन मिळालं. विषाणू निष्क्रिय केला तरी हे मिसळवण्याचं काम तो करतोच, हे कळल्यावर तर त्याचा वापर वाढत गेला. 1975 मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी घडवल्या, तेव्हा दोन पेशींची गाठ बांधायला त्यांनी निष्क्रिय सेंदाई विषाणूच वापरला होता. आज कॅन्सरपासून सांधेदुखीपर्यंत वापरात असलेल्या ‘मोनोक्लोनल’ औषधांची सुरुवात तिथून झाली.

ओकादांच्याच परंपरेतले यासुफुमी कानेदा यांनी पुढचा विचार केला. विषाणू पेशीला पेशी जोडतो, तर तो लायपोसोमही पेशीला जोडेल. त्यांनी लायपोसोममध्ये जनुक भरलं. सेंदाई विषाणूवर अतिनील किरण सोडून त्याचा आरएनए निकामी केला, म्हणजे तो वाढू शकणार नाही. मग दोघांना एकत्र घुसळलं. विषाणू लायपोसोममध्ये मिसळला आणि एचएन व एफ ही दोन्ही प्रथिनं जनुकाच्या पिशवीवर आली. जनुकासोबत त्यांनी पेशीच्या केंद्रकात राहणारं एक प्रथिनही भरलं, कारण पेशीत पोचल्यावरही डीएनएला केंद्रकापर्यंतचा रस्ता उरतोच. 1989 मध्ये या गटानं प्रौढ उंदरांच्या यकृतात अशी जनुकं चालती करून दाखवली. त्यात माणसाच्या इन्सुलिनचंही जनुक होतं. पुढच्या दशकात हृदय, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंड यांवरही या पद्धतीचे प्रयोग झाले.

दिल्लीतली सुधारणा

या वाहनात एक मोठा दोष होता. एचएन ज्या सियालिक आम्लाला धरतं, ते शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींवर असतं, तांबड्या रक्तपेशींवर तर भरपूर. त्यामुळं अशी पिशवी शिरेतून सोडली तर ती रक्तातच चिकटून बसणार, हव्या त्या अवयवात पोचणारच नाही.

यावर तोड काढली दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात देबी प्रसाद सरकार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. सेंदाई विषाणू कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यांत वाढवायचा. एका रसायनानं एचएन मोडायचं आणि वेगळं काढायचं. मग डिटर्जंटनं आवरण विरघळवायचं आणि वेगानं फिरवणाऱ्या यंत्रात आतला आरएनए तळाशी बसवून टाकून द्यायचा. उरलेल्या द्रावणात हवं ते जनुक घालायचं आणि डिटर्जंट हळूहळू शोषून घ्यायचा. मेदरेणू पुन्हा एकत्र येऊन आवरण बनवतात. या वेळी त्या आवरणावर फक्त एफ असतं आणि आत आपलं जनुक. विषाणूचं एकही जनुक त्यात उरत नाही.

पण एचएन काढलं तर पकडणार कोण? इथं त्यांनी फार हुशारी केली. एफ प्रथिनावरही साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज असतं. यकृताच्या पेशींवर नेमकं गॅलॅक्टोजला धरणारं एक ग्राहक प्रथिन असतं, कारण रक्तातली जुनी प्रथिनं ओळखून उचलणं हे यकृताचं रोजचंच काम. म्हणजे यकृतच या पिशवीला स्वतःहून धरतं आणि मग एफ तिला पेशीच्या भिंतीत मिसळतं. 1998 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या गटानं दाखवलं की उंदराच्या शिरेतून सोडलेली ही पिशवी जनुक प्रामुख्यानं यकृताच्या मुख्य पेशींतच पोचवते. पत्ता लिहिलेलं जनुक पत्त्यावर पोचलं, आणि तेही भारतातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून.

पुढची पायरी आजाराची होती. क्रिग्लर-नज्जार नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात यकृताचं एक विकर जन्मतःच नसतं, रक्तात बिलिरुबिन साठतं आणि बाळाला सतत कावीळ राहते. हाच दोष असलेली उंदरांची एक जात आहे, तिला गन रॅट म्हणतात. अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर सरकार यांच्या गटानं एफ प्रथिनाच्या पिशवीत चांगलं जनुक भरलं, आणि ते पेशीच्या डीएनएत कायमचं बसावं म्हणून ‘स्लीपिंग ब्यूटी’ नावाचा उडी मारणारा डीएनए-तुकडा जोडला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात उंदरांची कावीळ कित्येक महिने कमी राहिली.

पुण्यातली कावीळ आणि लायपोसोम

काविळीचा विषय निघाला की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं नाव येतंच. पावसाळ्यात विहिरीत, नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं की गावोगाव जी कावीळ पसरते, तिच्यामागं बहुधा हेपॅटायटिस-ई असतो. गरोदर बाईला तो विशेष घातक. ही ए किंवा बी नसलेली वेगळीच कावीळ आहे, हे 1980 मध्ये जगासमोर मांडणाऱ्यांत पुण्याच्या या संस्थेचे शास्त्रज्ञ होते. 1955-56 मधल्या दिल्लीच्या मोठ्या साथीचे जपून ठेवलेले नमुने त्यासाठी उपयोगी पडले.

पुढं डॉ. विद्या अरणकल्ले यांच्या गटानं तिथं हेपॅटायटिस-ईच्या लशीवर काम केलं. त्यांनी विषाणूच्या बाहेरच्या कवचातल्या नेमक्या भागाचं जनुक घेतलं आणि ते तीन तऱ्हांनी रीसस माकडांना दिलं: नुसता डीएनए, आधी डीएनए व नंतर प्रथिन, आणि डीएनए व प्रथिन दोन्ही एकाच लायपोसोममध्ये भरून. मग माकडांना खऱ्या विषाणूला सामोरं नेलं. हे काम 2009 मध्ये ‘व्हॅक्सिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. याच सुमारास हेपॅटायटिस-ई आणि बी यांची एकत्रित लस लायपोसोममध्ये भरण्याचे प्रयोगही तिथं झाले.

दिल्लीच्या कामात विषाणूचं आवरण आणि माणसाचं जनुक होतं. पुण्यात नेमकं उलट, आवरण साध्या मेदाचं आणि जनुक विषाणूचं. हेतूही उलटा. दिल्लीला जनुक दीर्घकाळ चालावं अशी इच्छा, तर लशीला ते थोडेच दिवस चालून शरीराला शत्रूची ओळख करून दिलं की काम झालं.

मग दवाखान्यात का दिसत नाही

इतकं सगळं झालं, तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा पुण्याच्या मोठ्या इस्पितळातही हे उपचार का मिळत नाहीत? कारणं साधी पण जड आहेत.

पहिलं म्हणजे शरीराची स्मृती. आवरणावर विषाणूचं प्रथिन आहे, म्हणजे पहिल्या खेपेनंतर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवणार. दुसऱ्यांदा तीच पिशवी दिली तर ती वाटेतच पकडली जाऊ शकते. एकदाच देऊन भागणाऱ्या उपचाराला हे चालेल, दरमहा द्यायच्या औषधाला नाही. दुसरं, डीएनए केंद्रकात पोचला तरी बहुधा तो पेशीच्या गुणसूत्रांत बसत नाही. काही दिवस, काही आठवडे चालतो आणि मग थंडावतो. बसवायचा तर तो कुठं बसेल याची खात्री द्यावी लागते, कारण चुकीच्या जागी बसला तर पेशी कॅन्सरच्या वाटेनं जाऊ शकते. तिसरं, विषाणू वाढवायचा अंड्यांत, मग शुद्ध करायचा, विरघळवायचा आणि पुन्हा घडवायचा. प्रयोगशाळेत हे जमतं, पण कारखान्यात प्रत्येक खेपेला तंतोतंत तीच पिशवी मिळवणं फार कठीण.

म्हणून व्हायरोसोम बाजारात आले ते दुसऱ्याच रूपात. स्वित्झर्लंडमध्ये इन्फ्लुएन्झाच्या आवरणापासून बनवलेल्या व्हायरोसोमवर आधारित हेपॅटायटिस-ए आणि फ्लू या दोन लशी 1990 च्या दशकात आल्या आणि अनेक देशांत वापरल्या गेल्या. पेशीत जनुक पोचवणं हे त्यांचं काम नव्हतं. कानेदांच्या सेंदाई आवरणाला तर आणखी वेगळं काम मिळालं. कॅन्सरच्या गाठीत हे निष्क्रिय आवरण टोचलं तर तेच रोगप्रतिकारक शक्तीला खडबडून जागं करतं, असं दिसलं. मग ओसाकात ते त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरच्या रुग्णांवर तपासलं गेलं. वाहन म्हणून निघालेलं टरफल स्वतःच औषधाचा उमेदवार झालं.

बाजी कुणी मारली

जनुकं पोचवण्याच्या शर्यतीत पुढं गेला तो विषाणूचं एकही प्रथिन नसलेला मेदकण. त्यातले काही मेदरेणू असे घडवले जातात की रक्तात ते भाररहित असतात आणि पेशीच्या आंबट पिशवीत गेल्यावर धनभारित होतात. मग ते त्या पिशवीची भिंत फोडतात. एफ प्रथिन जे काम बाहेरच्या भिंतीवर करतं, ते इथं रसायनशास्त्र आतून करतं. 2018 मध्ये अशा मेदकणांतून यकृतात जाणारं पहिलं आरएनए औषध अमेरिकेत मान्य झालं. 2020 च्या अखेरीस कोरोनाच्या एमआरएनए लशींनी तर हे तंत्र जगभर नेलं.

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या जिनोव्हा कंपनीची एमआरएनए लस 2022 च्या जूनमध्ये आपत्कालीन वापरासाठी मान्य झाली. ओमिक्रॉनसाठीची तिची पुढची लस 2023 च्या जूनमध्ये आली. या लशीतला आरएनए स्वतःच्या प्रती काढणारा आहे. ते प्रती काढणारं यंत्र अल्फाव्हायरस गटातल्या एका विषाणूच्या जनुकांतून घेतलेलं. दिल्लीत विषाणूचं आवरण ठेवून आतला ऐवज फेकला होता. हिंजवडीत आवरण फेकून ऐवजातली नक्कल काढण्याची युक्ती ठेवली. ही लस सुकवलेल्या पावडरीच्या रूपात असते, 2 ते 8 अंश तापमानाला टिकते आणि सुई न वापरता त्वचेत दिली जाते. उणे सत्तर अंशांचा फ्रीझर प्राथमिक आरोग्य केंद्रात असत नाही, 2 ते 8 अंशांचा लशींचा फ्रीज मात्र असतो. डोंगरातल्या तालुक्यांसाठी ही गोष्ट कुठल्याही नोबेलपेक्षा कमी महत्त्वाची नाही.

विषाणूचं आवरणही अडगळीत गेलेलं नाही. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार19’ या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचाराला 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या पेशी शरीराबाहेर काढून, लेंटिव्हायरसपासून बनवलेल्या निरुपद्रवी वाहनानं त्यांच्यात जनुक घालतात आणि त्या परत देतात. अशा वाहनांच्या अंगावर जगभर सर्रास एका गुरांच्या विषाणूचं आवरण-प्रथिन चढवलेलं असतं. 1965 मध्ये नागपूरला सापडलेल्या चांदीपुरा विषाणूचा तो सख्खा चुलतभाऊ. शरीराबाहेर पेशी हातात असतात, मोजता येतात, तपासता येतात, म्हणून तिथं यश आधी आलं. जिवंत शरीरातल्या नेमक्या पेशीला, पुन्हा पुन्हा आणि सुरक्षितपणे जनुक पोचवणं हे अजून अवघड काम आहे. यकृत त्यातल्या त्यात सोपं, कारण रक्तातलं काहीही उचलायला ते बसलेलंच असतं. मेंदू, फुप्फुस आणि स्नायू मात्र त्याहून अवघड आहेत.

जनुक-उपचारांच्या बातम्या आता रोज येतील, जाहिरातीही येतील, आणि त्यांतल्या काही गावच्या बाजारपेठेपर्यंत पोचतील. अशी बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. जनुक कोणत्या आवरणातून गेलं? ते कोणत्या अवयवात पोचलं, आणि उंदरात की माणसात? ते किती दिवस चाललं आणि पुन्हा देता येतं का? सेंदाईच्या टरफलाला पहिल्या प्रश्नाचं उत्तम उत्तर देता आलं, दुसऱ्याचं उंदरापुरतं आणि तिसऱ्याचं अर्धवट. म्हणून ते औषधाच्या दुकानात पोचलं नाही. तिन्हींची उत्तरं ज्याच्याकडं नाहीत, त्याला आपला आजार आणि आपला पैसा सोपवू नये.